विश्लेषण : हॉटेलच्या बिलातील ‘सेवा शुल्क’ देणे बंधनकारक आहे का?

शनिवार-रविवारी सहकुटुंब किंवा मित्रांसह बाहेर जेवायला जाणे ही शहरांमध्ये आता नित्याची बाब झाली आहे. जेवण आटोपले की बडीशेपच्या वाटीसोबत बिल येते. खालच्या बाजूला बारीक अक्षरांत सेवा शुल्क, सीजीएसटी, एसजीएसटी अशा ओळी असतात. बहुतेक जण शेवटचा आकडा पाहून मोबाइलवरून पैसे देतात आणि उठतात. मात्र या ओळींपैकी एक ओळ सरकारने लावलेली नसते आणि ती देण्याची सक्तीही करता येत नाही. ती कोणती, त्यावरून एवढा वाद का झाला आणि न्यायालयाने काय म्हटले, याविषयी…

सेवा शुल्क आणि कर यांत फरक काय?

वस्तू आणि सेवा कर (जीएसटी) सरकारजमा होतो. सेवा शुल्क रेस्टॉरंट स्वतः आकारते आणि ते त्याच्याकडेच राहते. साधारणपणे ५ ते २० टक्के इतके हे शुल्क असते. जीएसटीपूर्वी बिलावर ‘सेवा कर’ असे. नावातील या साधर्म्यामुळे सेवा शुल्क हाही सरकारी कर आहे, असा समज अनेकांचा झाला आणि तो आजही कायम आहे.

१५ नोव्हेंबर २०१७ पासून वातानुकूलित असो वा नसो, सर्वसाधारण रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के जीएसटी लागतो. बिलावर तो सीजीएसटी अडीच टक्के आणि एसजीएसटी अडीच टक्के असा विभागून दिसतो. महागड्या हॉटेलांच्या आवारातील रेस्टॉरंटमध्ये हा दर १८ टक्के आहे. ‘कंपोझिशन’ योजना निवडलेल्या छोट्या उपाहारगृहांना मात्र ग्राहकाकडून जीएसटी वेगळा वसूल करता येत नाही. तसे बिलावर नमूद करणे त्यांना बंधनकारक आहे.

बिल नेमके किती वाढते?

चार जणांच्या जेवणाचे २,००० रुपये झाले असे समजू. त्यावर ५ टक्के जीएसटी धरला तर बिल होते २,१०० रुपये. रेस्टॉरंटने आधी १० टक्के सेवा शुल्क लावले, तर रक्कम २,२०० वर जाते. त्यानंतर या वाढीव रकमेवर जीएसटी लागून बिल २,३१० रुपये होते. म्हणजे २०० रुपये शुल्काचे आणि त्या शुल्कावरील कराचे १० रुपये, असे २१० रुपये जादा जातात. वर वेटरला टिप दिली तर एकाच सेवेसाठी ग्राहक दोनदा पैसे मोजतो.

वाद न्यायालयात कसा गेला?

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अंतर्गत स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. बिलात सेवा शुल्क आपोआप जोडू नये, दुसऱ्या कोणत्याही नावाने ते वसूल करू नये, ते ऐच्छिक असल्याचे ग्राहकाला स्पष्ट सांगावे, ते न देणाऱ्याला प्रवेश किंवा सेवा नाकारू नये आणि ते बिलात जोडून एकूण रकमेवर जीएसटी लावू नये, असे त्यात म्हटले होते. नॅशनल रेस्टॉरंट असोसिएशन ऑफ इंडिया आणि फेडरेशन ऑफ हॉटेल अँड रेस्टॉरंट असोसिएशन्स ऑफ इंडिया या संघटनांनी त्याला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले. त्याच महिन्यात न्यायालयाने तत्त्वांना अंतरिम स्थगिती दिली आणि सेवा शुल्क सुरू राहिले.

न्यायालयाचा निकाल काय?

२८ मार्च २०२५ रोजी न्या. प्रतिभा एम. सिंह यांनी ही तत्त्वे वैध ठरवली. सेवा शुल्क सक्तीने वसूल करणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. प्राधिकरण हे केवळ सल्ला देणारे मंडळ नसून त्याला असे निर्देश देण्याचा अधिकार आहे, असेही निकालात म्हटले आहे. याचिकाकर्त्या दोन्ही संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये भरण्यास सांगण्यात आले. निकालानंतरही शुल्क घेत असल्याच्या तक्रारींवरून प्राधिकरणाने पाच रेस्टॉरंटविरुद्ध स्वतःहून कारवाई सुरू केली. रेस्टॉरंट संघटनांनी या निकालाविरुद्ध खंडपीठापुढे अपील केले आहे. ग्राहकाने स्वखुशीने टिप देण्यास मात्र कोणतीही आडकाठी नाही.

रेस्टॉरंटचालकांचे म्हणणे काय?

टिप फक्त टेबलावर येणाऱ्या वेटरच्या हाती पडते. सेवा शुल्क मात्र स्वयंपाकघरातील आचारी, भांडी घासणारे, सफाई करणारे अशा सर्वांमध्ये वाटता येते, हा त्यांचा मुख्य मुद्दा आहे. तो अगदीच गैरलागू नाही. पूर्वी ताटलीत सुटे पैसे राहत. आता क्यूआर कोडने बिल पैशापर्यंत चुकते होते आणि वेटरसाठी काही उरत नाही. मात्र ही रक्कम खरोखर कामगारांपर्यंत पोहोचते का, हे ग्राहकाला कळण्याची सोय नाही. कामगारांचा पगार ही मालकाची जबाबदारी आहे. त्यासाठी पदार्थांचे दर वाढवण्याची त्याला मुभा आहे. मग ग्राहक मेन्यू कार्ड पाहूनच बसायचे की उठायचे, हे ठरवू शकतो.

मद्य आणि बाटलीबंद पाण्याचे काय?

पिण्याचे मद्य जीएसटीच्या कक्षेबाहेर आहे. त्यावर राज्याचा मूल्यवर्धित कर (व्हॅट) लागतो. महाराष्ट्रात बार आणि परमिट रूममध्ये दिल्या जाणाऱ्या मद्यावरील व्हॅट नोव्हेंबर २०२३ पासून ५ वरून १० टक्के झाला. त्यामुळे जेवण आणि मद्य एकत्र असलेल्या बिलात दोन वेगवेगळे कर दिसणे योग्यच आहे. पण मद्याच्या रकमेवर जीएसटी लावलेला दिसल्यास विचारणा करावी. बाटलीबंद पाण्याबाबत स्थिती वेगळी आहे. हॉटेल-रेस्टॉरंटमध्ये बसून घेतलेल्या बाटलीसाठी छापील किमतीपेक्षा अधिक दर आकारता येतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला आहे. म्हणूनच बाटली मागवण्यापूर्वी साधे पाणी मागणे केव्हाही चांगले.

ग्राहकाने काय करावे?

सर्वप्रथम बिल वाचावे. सेवा शुल्क दिसल्यास ते काढून नवे बिल देण्यास सांगावे. ‘स्टाफ वेल्फेअर’सारख्या वेगळ्या नावाने ते लावले असले तरी नियम तोच आहे. नकार मिळाल्यास बिलाची प्रत जपून ठेवावी आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार करता येते किंवा ग्राहक आयोगाकडेही दाद मागता येते.

खरी अडचण कायद्याची नसून संकोचाची आहे. पाहुण्यांसमोर दोनशे रुपयांसाठी कशाला वाद घालायचा, असे वाटून बहुतेक जण गप्प बसतात. त्यातच बिल घेऊन उभा असलेला वेटर ते कमी करू शकत नाही. तो अधिकार काउंटरवरच्या व्यवस्थापकाचा असतो. त्यामुळे विचारणा तिथेच करावी, वेटरवर राग काढू नये. त्याने मनापासून वाढले असेल, तर बिलातून वगळलेल्या रकमेतले काही रोख त्याच्या हातात ठेवता येतात. ते कोणाला आणि किती द्यायचे, हे मात्र ग्राहकानेच ठरवायचे असते.