उतरवलेल्या गाडीची चाकं

गाडी खाली घ्यायला एक दुपार पुरते. जुन्या स्प्रिंगा काढायच्या, आखूड आणि कडक स्प्रिंगा घालायच्या, चाकं चढवायची. गाडी तीन-साडेतीन सेंटिमीटरनं बसते, चाक आणि फेंडर यांच्यातली पोकळी मिटते आणि मालक फोटो काढत तिच्याभोवती फिरू लागतो. खरं काम यानंतरचं, अलाइनमेंटच्या रॅम्पवरचं. ते बहुतेक वेळा अर्धंच होतं, कारण रॅम्पवरच्या माणसाला फक्त ‘अलाइनमेंट करा’ एवढंच सांगितलेलं असतं.

आपल्याकडच्या छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना बहुधा मॅकफर्सन स्ट्रट असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी इंजिनिअरनं 1940 च्या दशकात जनरल मोटर्सच्या एका छोट्या गाडीसाठी या रचनेवर काम केलं. तो प्रकल्प बारगळला, मॅकफर्सन फोर्डमध्ये गेला, आणि 1950 साली इंग्लंडमध्ये जाहीर झालेल्या कॉन्सल आणि झेफर या गाड्यांतून ही रचना रूढ होत गेली. स्वस्त आणि कमी जागेत मावणारी असल्यानं ती जगभर पसरली. 1983 च्या मारुती 800 ला तीच होती, 2005 ला आलेल्या स्विफ्टलाही तीच.

या रचनेत वरचा आर्म नसतोच. शॉकअपची नळीच चाकाला वरून धरून ठेवते आणि खाली एकच लोअर आर्म असतो. मूळ उंचीवर हा आर्म चाकाकडे किंचित उतरता असतो. गाडी खाली आली की तो आडवा होत जातो, त्याचं बाहेरचं टोक चाकाचा पाय बाहेर ढकलतं आणि चाकाचा माथा आत झुकतो. हा निगेटिव्ह कॅम्बर. इथपर्यंत वळणावरच्या पकडीचा फायदाच होतो. पण हौसेनं आणखी खाली गेलं, की आर्म चाकाकडे चढता होतो. मग वळणावर बाहेरचं चाक दबलं की तोच आर्म चाकाचा पाय आत ओढतो आणि कॅम्बर नेमका हवा तेव्हा हातचा जातो. शिवाय बॉडी जितकी खाली येते, त्याहून जास्त तिचं रोल सेंटर, म्हणजे वळणावर बॉडी ज्या बिंदूभोवती कलंडते तो, खाली जातं. त्यामुळे बॉडीला कलंडवणारा जोर वाढतो. तो सावरायचं काम कडक स्प्रिंगा करतात. नुसती उंची कमी करून गाडी ‘रेसिंगची’ झाली असं मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

तरीही टायर खाण्याच्या बाबतीत कॅम्बरला उगाच शिव्या बसतात. मुख्य गुन्हेगार टो, म्हणजे वरून पाहता चाकाचं तोंड आत किंवा बाहेर वळल्याचा कोन. गाडी उतरली की स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या टाय रॉडचाही कोन बदलतो. लोअर आर्म आणि टाय रॉड आपापल्या कमानीत फिरतात. त्या कमानी जुळल्या नाहीत की चाकाचं तोंड आत किंवा बाहेर वळतं. हिशेब सरळ आहे. एखादं चाक फक्त 0.1 अंशानं तिरपं असेल, तर दर किलोमीटरला साधारण पावणेदोन मीटरचं आडवं अंतर टायरला रबर ताणून-घासून भरून काढावं लागतं. अर्धा अंश असेल तर पावणेनऊ मीटर. निगेटिव्ह कॅम्बर आणि बाहेर फाकलेला टो एकत्र आले, की टायर आतल्या कडेनं जातो. ती कड उभ्यानं दिसत नाही, म्हणून तार डोकावेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

मशीनवर गाडी चढवण्याआधीची तयारी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. नव्या स्प्रिंगा काही दिवस चालवून बसू द्याव्यात. पहिल्याच दिवशी घेतलेले आकडे टिकत नाहीत. लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट गाडी लिफ्टवर लटकलेली असताना आवळले, तर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. ते बोल्ट सैल करून, गाडी स्वतःच्या वजनावर बसल्यावर पुन्हा आवळावे लागतात. चारही टायरांत नेमकी हवा, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंडला लूज नाही, चाकं फिरत्या प्लेटांवर मोकळी. एवढं झाल्यावरच कॅमेऱ्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवावा.

मग उघड होतं ते असं, की मशीन कॅम्बर, कास्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल), टो तिन्ही दाखवतं, पण स्विफ्टसारख्या गाडीत कंपनीनं सहज फिरवायला ठेवलेला असतो तो पुढचा टो. चेकनट सैल करायचा, रॉड फिरवायचा, दोन्ही बाजूंना सारखा, म्हणजे स्टिअरिंग सरळ राहतं. कॅम्बरसाठी स्ट्रट आणि नकल जोडणाऱ्या दोनपैकी एका बोल्टच्या जागी एक्सेंट्रिक बोल्ट घालावा लागतो. त्यातून दीड अंशाच्या आसपास फरक मिळतो. मागं टॉर्शन बीम असतो. तिथं फिरवायला काहीच नाही. मशीन तिथं फक्त निदान करतं. याउलट 1989 ची माझदा एमएक्स-5 पाहा: डबल विशबोन, आणि चारही चाकांना एक्सेंट्रिक बोल्ट कारखान्यातूनच. म्हणून ती उतरवणाऱ्यांची लाडकी.

टो कितीही अचूक लावला तरी तो उभ्या गाडीचा असतो. खड्ड्यात चाक वर गेलं की टाय रॉडची बिघडलेली कमान आपलं काम करतेच आणि स्टिअरिंग हातात हिसका देतं. त्यावर उपाय टाय रॉडची उंची बदलण्याचा. साध्या गॅरेजचं ते काम नाही.

रस्त्याचं आणि कायद्याचं थोडक्यात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला स्पीडब्रेकर 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असतो. सोसायटीच्या दारातला तसा क्वचितच असतो, आणि उतरवलेल्या गाडीचं पोट तिथंच घासतं. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीच्या मूळ तपशिलात बदल करण्यावर बंधनं घालतं आणि 2019 साली सुप्रीम कोर्टानं ते कडकपणे लावलं. म्हणून स्प्रिंगांची ऑर्डर देण्याआधी आरटीओत विचारा.

आणि रॅम्पवरून उतरताना आधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही प्रिंटआउट मागून घ्या. त्यावर मागच्या चाकांचे आकडे नसतील, तर तुमच्या गाडीचं मोजमाप अर्धंच झालंय. पैसे देण्यापूर्वी ती पुन्हा वर चढवायला सांगा.