बँकॉकमधील प्रवास व पर्यटन

बँकॉक ही थायलंडची राजधानी व त्या देशातील सर्वांत मोठे शहर आहे. १७८२ साली राजा पहिला राम याने चाओ फ्राया नदीच्या पूर्व काठावर येथे राजधानी वसवली. थाई भाषेत शहराला क्रुंग थेप, म्हणजे 'देवांची नगरी', असे म्हणतात. रस्त्यांवरील वाहनकोंडी ही येथील प्रवासातील मुख्य अडचण आहे. त्यामुळे रेल्वे स्थानकाजवळ किंवा नदीच्या धक्क्याजवळ मुक्काम करणे सोयीचे ठरते.

हवामान

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा तुलनेने कोरडा व सुखद काळ असतो. एप्रिलमध्ये उन्हाळा सर्वाधिक तीव्र असतो. १३ ते १५ एप्रिल या काळात सोंगक्रान हा नववर्षाचा सण साजरा होतो. हे नाव 'संक्रांति' या संस्कृत शब्दावरून आले आहे. या दिवसांत रस्त्यांवर एकमेकांवर पाणी उडवले जाते. मेच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत पावसाळा असतो. शहर सखल असल्याने जोरदार सरींनंतर रस्त्यांवर पाणी साचते. २०११ च्या महापुरात डॉन मुआंग विमानतळ अनेक महिने बंद राहिला होता.

आगमन

सुवर्णभूमी विमानतळ शहराच्या पूर्वेस सुमारे ३० किलोमीटरवर असून तो २००६ मध्ये सुरू झाला. तेथून फाया थाय स्थानकापर्यंत रेल्वे जाते व त्या ठिकाणी उन्नत रेल्वे मिळते. उत्तरेकडील जुना डॉन मुआंग विमानतळ मुख्यतः स्वस्त विमानसेवांसाठी वापरला जातो. दोन्ही विमानतळांमधील अंतर मोठे असल्यामुळे एकाहून दुसऱ्याकडे जाताना पुरेसा वेळ हाती ठेवावा लागतो. स्थानिक वेळ भारतीय प्रमाणवेळेच्या दीड तास पुढे आहे. व्हिसाचे नियम वारंवार बदलत असल्याने ते प्रवासापूर्वी तपासणे आवश्यक असते.

शहरांतर्गत वाहतूक

उन्नत रेल्वे १९९९ मध्ये, तर भुयारी रेल्वे २००४ मध्ये सुरू झाली. उन्नत रेल्वेच्या सफान ताक्सिन स्थानकालगत साथोन धक्का आहे. तेथून सुटणाऱ्या बोटींनी राजवाडा, वाट फो व वाट अरुण या स्थळांकडे जाता येते. बोट कोणकोणत्या धक्क्यांवर थांबेल, हे तिच्यावरील झेंड्याच्या रंगावरून कळते. टॅक्सीत मीटर लावण्याचा आग्रह धरावा. टुकटुकमध्ये मीटर नसल्यामुळे भाडे आधी ठरवावे लागते.

शिष्टाचार व कायदे

राजवाडा व मंदिरांत खांदे आणि गुडघे झाकणारा पोशाख अपेक्षित असतो. मंदिरात शिरण्यापूर्वी पादत्राणे काढली जातात. बुद्धमूर्तीकडे पाय करून बसणे अनादराचे मानतात. स्त्रियांनी भिक्षूंना स्पर्श करू नये, असा संकेत आहे. सकाळी ८ व सायंकाळी ६ वाजता सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत वाजते, तेव्हा लोक स्तब्ध उभे राहतात. राजा, राणी व युवराज यांचा अवमान हा तुरुंगवासास पात्र गुन्हा असून परदेशी व्यक्तींनाही तो कायदा लागू होतो. इलेक्ट्रॉनिक सिगारेट देशात आणण्यास बंदी आहे.

सुरक्षितता

'आज राजवाडा बंद आहे' असे सांगून पर्यटकांना टुकटुकने रत्नांच्या किंवा कपड्यांच्या दुकानांत नेणे, हा फसवणुकीचा परिचित प्रकार आहे. राजवाडा खरोखर बंद आहे का, याची खात्री प्रवेशद्वारावरील तिकीट खिडकीपाशीच करावी. पिण्यासाठी बाटलीबंद पाणी वापरावे. पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५, पोलिसांचा १९१ व रुग्णवाहिकेचा १६६९ आहे.