माइकवरचं घराणं

दिंद्रुडसारख्या गावात कुस्त्यांचा फड लागला की तो आधी ऐकू येतो. मातीभोवती माणसांचं कडं पडलेलं असतं, मागच्याला पुढच्याचं पागोटं तेवढं दिसतं. त्याच्यासाठी फड भोंग्यात असतो. 'पट काढला... कब्जा घेतला... आता घिस्सा!' निवेदक बोलत जातो, त्याच्या बोलण्यावर हलगी चढत जाते आणि मातीपासून पन्नास पावलांवर बसलेला, काहीही न दिसणारा म्हातारा मांडीवर थाप मारतो.

माजलगावकडच्या अशा जत्रांत माझी नजर मात्र निवेदकाच्या पायाशी वायरीचं भेंडोळं सांभाळत बसलेल्या त्याच्या पोराकडे जायची. त्याचे ओठ हलत असायचे. बापाचं वाक्य ते मनातल्या मनात बापाच्याही जराशी आधी पुरं करायचं. पहिलवानाचा हात अजून लांगेला लागायचाय आणि पोराच्या ओठांवर डावाचं नाव आलेलंसुद्धा! हे त्याला कसं कळत असेल, हा प्रश्न माझ्या डोक्यातून कधी गेला नाही.

त्याचं एक सुंदर उत्तर थेट न्यूझीलंडमधून मिळतं. कूनराड कुइपर या भाषाशास्त्रज्ञाने घोड्यांच्या शर्यतीचं धावतं वर्णन करणाऱ्यांचं बोलणं बारकाईने तपासलं. घोडे इतक्या वेगाने जागा बदलतात की दर वेळी नवं वाक्य जुळवायला सवडच नसते. म्हणून वर्णन करणाऱ्याकडे तयार वाक्यखंडांचा साठा असतो. कोण पुढे, कोण आतल्या बाजूने, कोण शेवटी, प्रत्येकाचा साचा ठरलेला. तो फक्त नावं बदलत जातो. शिवाय तो एका सुरावर बोलतो आणि शेवटची रेघ जवळ येईल तसा तो सूर पायरीपायरीने चढवतो. हे ऐकून हलगी आठवली नाही तरच नवल.

१९३०च्या दशकात मिलमन पॅरी आणि अल्बर्ट लॉर्ड या अभ्यासकांना युगोस्लाव्हियातल्या निरक्षर गायकांकडे हीच रीत सापडली होती. हे गायक हजारो ओळींचं आख्यान पाठ म्हणत नसत, साच्यांच्या आधाराने गाता गाता रचत. आपला गोंधळी रात्रभर कथा लावतो, तेव्हा त्याच्या पोतडीतही असेच साचे असतात. संबळ वाजवणाऱ्या बापाशेजारी झोपी जाणाऱ्या पोराच्या कानात ते पाठांतर न करता उतरतात. वायरीपाशी बसलेल्या पोराचंही तसंच. बापाला वाक्य शोधावं लागत नाही, मग पोराला तरी का लागावं?

गळ्याचा वारसा असतोच. स्वरतंतूंची लांबी, घशाची आणि तोंडाची ठेवण आईबापांकडून येते. फोनवर मुलाला बाप समजून आपण कितीदा बोलून बसतो! पण बोलण्याचा हेल कानातून येतो, आणि तोही किती लवकर! २००९मध्ये जर्मनीतल्या काटलीन वेर्मके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जेमतेम दोन ते पाच दिवसांच्या साठ बाळांचं रडणं तपासलं. फ्रेंच बाळांच्या रडण्याचा सूर बहुतेक वेळा चढता होता, जर्मन बाळांचा उतरता, त्यांच्या त्यांच्या भाषेच्या वळणासारखा. पोटात असतानाच ऐकलेल्या बोलण्याची छाप पहिल्या टाहोवर! मग ज्या घरात रोज समालोचन कानावर पडतं, तिथल्या लेकराने काय काय उचललं असेल?

आपल्याकडे असं घर गावसकरांचं. १९७६मध्ये सुनील गावसकर न्यूझीलंड आणि वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर असताना मुलाचा जन्म झाला. नाव ठेवलं रोहन जयविश्व: रोहन कन्हाय, जयसिंहा आणि विश्वनाथ, तिन्ही आवडते फलंदाज एका नावात. बाप उजव्या हाताने खेळणारा, लेक डावखुरा. बापाच्या १२५ कसोटी, लेकाला २००४मध्ये ११ एकदिवसीय सामने मिळाले. मैदानावरची ही तुलना त्या मुलाने किती वर्षं सोसली असेल! पुढे बापासारखा रोहनही माइकमागे आला. तिथे धावफलक नसतो, म्हणून मला त्याचं तिथलं बोलणं जास्त मोकळं वाटतं.

इंग्लंडात ग्रॅहम वॉकर बीबीसीवर मोटरसायकलच्या शर्यतींचं वर्णन करत. १९४९पासून मुलगा मरे त्यांच्या जोडीला बसू लागला आणि १९६२मध्ये वडील जाईपर्यंत बापलेकांची ती जोडी टिकली. मरे पुढे फॉर्म्युला वनचाच आवाज झाला.

माइक सोडणं सोपं नसतं. मुंबईचे क्रिकेट समालोचक बॉबी तल्यारखान दिवसभर एकट्याने बोलत आणि दुसऱ्याला शेजारी बसू देणं त्यांना मान्य नव्हतं. म्हणूनच अमेरिकेतले समालोचक जॅक बक यांचं मला फार कौतुक वाटतं. १९८७मध्ये मुलगा जो अठरा वर्षांचा झाला, त्या दिवशी चालू बेसबॉल सामन्यात त्यांनी श्रोत्यांना सांगितलं की पुढचा डाव हा वाढदिवसवाला सांभाळेल, आणि उठून खोलीबाहेर निघून गेले.

१९९१च्या बेसबॉल विश्वमालिकेत, सातपैकी सहाव्या सामन्यात, अकराव्या डावात कर्बी पकेटने चेंडू मैदानाबाहेर भिरकावला आणि मालिका बरोबरीत आली. जॅक एवढंच म्हणाले, उद्या रात्री भेटू. बरोबर २० वर्षांनी, २०११मध्ये, पुन्हा सहावा सामना, पुन्हा अकरावा डाव, पुन्हा तसाच फटका, या वेळी डेव्हिड फ्रीसचा. माइकवर जो होता. वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती. त्याने वडिलांचंच वाक्य उच्चारलं.

दिंद्रुडकडच्या फडात सकाळी आधी रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात, शेंबड्या पोरांच्या. गर्दी जमायची असते, हलगीवाला अजून चामडं शेकत असतो. अशाच एका सकाळी निवेदकाने काही न बोलता माइक पोराच्या हातात दिला आणि पाठ फिरवून चहाच्या गाड्याकडे चालू लागला. भोंगा खरखरला. पोराने आवंढा गिळला तो सगळ्या फडाला ऐकू आला. मग 'पट काढला' आलं, अगदी बापाच्या सुरात. गाड्यापाशी पोचलेल्या बापाने मागे वळून पाहिलं नाही. बशी ओठांशी तशीच धरून तो ऐकत उभा राहिला.