वेलीवर पिकणारं वाद्य

दुधी भोपळा म्हटलं की निम्मी घरं नाक मुरडतात. पथ्याची भाजी, आजाऱ्याचं जेवण! पण हीच वेल कुडाच्या घरावर चढू द्यायची, एखादं फळ कोवळं असताना न खुडता वेलीवरच राखायचं आणि मग गंमत बघायची. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणूच्या पाड्यांवर वारली माणसं त्या फळाचा तारपा करतात. एका फुंकरीत दोन सुरांनी वाजणारा, रात्रभर माणसं नाचवणारा तारपा.

जुन्या पद्धतीच्या तारप्याला लागतं काय? वाळका भोपळा, बांबूच्या नळ्या, ताडाची पानं आणि मधमाशीचं मेण. संपली यादी. ना खिळा, ना स्क्रू, ना फेविकॉल. यातली एकही वस्तू संगीतासाठी जन्माला आलेली नाही, आणि तरी प्रत्येकीत सुराला हवा तो गुण आधीपासून बसलेला आहे. कसा, ते एकेक करून बघू.

सुरुवात भोपळ्यापासून. याची पांढरी फुलं उमलतात दिवस मावळताना, कारण त्यांची गिऱ्हाइकं म्हणजे रात्री उडणारे पतंग. मादी फुलाच्या खाली अंगठ्याएवढा भोपळा आधीच तयार असतो. परागकण पोचले तर वाढतो, नाहीतर पिवळा पडून गळतो. वाढताना त्याला आकारही देता येतो. मांडवावरून लोंबणाऱ्या फळाची मान सरळ उतरते, जमिनीवर टेकलेल्याचं बूड चपटं होतं. वाद्याचा घाट ठरवायला सुतार लागत नाही, फळ कुठे टांगलंय एवढं बघितलं की झालं.

हिरव्या दुधीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं. ते सगळं सालीतून हळूहळू बाहेर पडायला काही महिने जातात. मधे एक टप्पा असा येतो की सालीवर काळी-करडी बुरशी धरते आणि नवखा माणूस नासला म्हणून भोपळा उकिरड्यावर टाकतो. टाकायचा नसतो! बुरशी खरवडली की खाली लाकडासारखी टणक कवटी निघते. वाळल्याची खूण कानाला कळते: हलवला की आत बिया खुळखुळतात. मग भोक पाडून गर आणि बिया काढायच्या. त्या बिया फेकायच्या नाहीत, पुढच्या पावसाळ्यात त्याच लावायच्या. म्हणजे एकाच फळातून या वर्षीचं वाद्य आणि पुढच्या वर्षीची वेल.

ही कवटी किती चिवट, याचा एक पुरावा फार भन्नाट आहे. भोपळा मूळचा आफ्रिकेतला, पण अमेरिकेत तो कोलंबसाच्या हजारो वर्षं आधीपासून होता. नेला कोणी? १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वाळके भोपळे समुद्राच्या पाण्यात २२४ दिवस तरंगत ठेवले होते. सात महिन्यांनंतरही आतल्या बिया रुजल्या! पुढे २०१४ मध्ये डीएनए तपासणीतून दिसलं की अमेरिकेतल्या प्राचीन भोपळ्यांचं जवळचं नातं आफ्रिकेतल्या भोपळ्यांशी आहे. बहुधा पठ्ठ्या अटलांटिक एकटाच पोहून गेला होता. जी साल महासागराला आत शिरू देत नाही, ती आपली फुंकर बाहेर कशाला जाऊ देईल? (आपल्या शास्त्रीय संगीतालाही हे गुपित ठाऊक आहे. मिरजेचे कारागीर तंबोऱ्यासाठी पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळेच वापरतात.)

पण तंबोऱ्यात भोपळा तारेचा आवाज घुमवतो. तारप्यात त्याचं काम वेगळं: तो हवेची कोठी आहे. खरा आवाज जन्मतो कोठीच्या आत, जिथे कोणाची नजर पोचत नाही.

तिथे बाहेरच्या नळ्यांना जोडलेली बांबूची दोन बारीक नळकांडी असतात. बांबूला पेर असतं, म्हणजे नळकांड्याचं एक तोंड निसर्गानंच बंद करून दिलेलं. त्या बंद टोकाजवळ, नळीच्या अंगातच, चाकूनं एक लांबट पातळ जीभ उचलायची. एक टोक सुटं, दुसरं नळीलाच चिकटलेलं. वेगळी पट्टी बसवायची नाही, बांबूचीच जीभ बांबूला. भोपळ्यात हवा भरली की ती या फटीतून नळीत घुसू बघते. त्या झोतानं जीभ फटीवर आपटते, वाट बंद होते. बांबू लवचीक, म्हणून जीभ परत उसळते, वाट उघडते. पुन्हा झोत, पुन्हा आपट. सेकंदाला शेकडो वेळा! ही उघडझाप कानावर पडते ती सूर होऊन.

आणि हा सूर लावायचा कसा? जिभेच्या सुट्या टोकावर मेणाचा कण ठेवला की टोक जड होतं, हलणं मंदावतं, सूर उतरतो. टोक जरा तासलं की हलकं होतं, सूर चढतो. मोहरीएवढ्या मेणानं फरक पडतो. दोन्ही नळ्यांचे सूर अगदी जवळ आले, पण तंतोतंत जुळले नाहीत, तर हवेत एक थरथर ऐकू येते. एक नळी सेकंदाला २०० कंपनं देत असेल आणि दुसरी २०३, तर आवाज सेकंदाला तीनदा फुगतो आणि ओसरतो. तारप्याच्या सुराला जी धार असते, तिच्यात या भांडणाचा वाटा आहे.

आणखी एक चमत्कार फुकटात मिळतो. बासरीची दोन्ही टोकं हवेला मोकळी असतात. जीभ बसवलेली नळी मात्र एका बाजूनं बंद असल्यासारखी वागते. त्यामुळे तेवढ्याच लांबीच्या बासरीपेक्षा ती जवळपास एक सप्तक खाली बोलते. हातभर बांबूतून एवढा भरदार आवाज येतो तो यामुळे. पुढे ताडाच्या पानांचा रुंद होत जाणारा कर्णा तो आवाज मैदानभर पसरवतो.

आता मेण. कामकरी माशीच्या पोटाखाली आठ ग्रंथी असतात, त्यांतून मेणाचे इवलेसे पापुद्रे झरतात. हे मेण वितळतं साधारण ६३ अंश सेल्सियसला, पण हाताच्या उबेनंच मळण्याइतकं मऊ होतं. म्हणजे तारप्याची दुरुस्ती करायला शेगडीही लागत नाही. सांध्यातून हवा निसटतेय? मेणाची गोळी मुठीत धरा, मऊ झाली की दाबून बसवा. तारपा भर उन्हात ठेवू नये, हेही त्याच कारणानं.

वाद्य झालं. वाजवायचं कसं? इथे सगळ्यात मोठी गंमत आहे, कारण तारप्याचा आवाज तुटू द्यायचा नसतो. वाजवणारा श्वास घेतो, आणि तरी सूर चालूच! हे व्हावं कसं?

नळाचं पाणी गेलं तरी गच्चीवरची टाकी भरलेली असेल तर मोरीतली धार थांबत नाही. गाल म्हणजे ही टाकी. छातीतली हवा संपत आली की गाल फुगवून घ्यायचे. मग टाळूचा मागचा मऊ भाग आणि जिभेचं मूळ एकमेकांना टेकवून तोंड घशापासून तोडायचं, गाल आवळून आतली हवा भोपळ्यात ढकलायची आणि त्याच क्षणी नाकानं झटकन श्वास ओढायचा. छाती भरली की पुन्हा छातीची हवा. वाचायला सोपं आहे, करायला महाकठीण, कारण फुंकणं आणि श्वास घेणं एकाच वेळी करायची आपल्याला सवयच नाही.

पाड्यावरची पोरं हे वडील, काका, आजा यांच्याकडे बघून बघून उचलतात. नोटेशन नाही की वही नाही. तुम्हाला घरी करून बघायचं असेल तर पाण्याचा पेला आणि पपईच्या पानाचा पोकळ देठ घ्या. देठातून पाण्यात बुडबुडे काढा आणि ते न थांबता नाकानं श्वास घ्या. सुरुवातीला नाकात पाणी, शर्टावर पाणी आणि घरच्यांचं हसू असा कार्यक्रम होतो. आधी एकाच गोष्टीचा सराव करावा: गालात हवा धरून, ओठांतून ती सोडताना, नाकानं दोन-तीन वेळा शांतपणे श्वास घ्यायचा. ते जमलं की बुडबुडे आपोआप जुळून येतात. ऑस्ट्रेलियातले आदिवासी डिजरीडू हे वाद्य याच युक्तीनं वाजवतात. २००६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या एका छोट्या अभ्यासात, चार महिने डिजरीडू वाजवायला शिकलेल्या, झोपेत श्वास अडणाऱ्या रुग्णांचा त्रास कमी झालेला दिसला होता. घशाच्या स्नायूंना तालीम मिळते, असा त्यामागचा अंदाज.

पण सूर तुटू द्यायचा नाही हा हट्ट कशासाठी? वाद्याची रचना बघा. जीभ भोपळ्यात कोंडलेली, वाजवणाऱ्याची जीभ तिला शिवूच शकत नाही, त्यामुळे सूर अडवून त्याचे तुकडे पाडता येत नाहीत. लहानमोठा आवाज काढायलाही वाव थोडाच. जोर कमी पडला तर बांबूची जीभ गप्प होते. उरतात फक्त नळ्यांच्या भोकांवरची बोटं आणि त्यांची चाल. आणि तेवढ्यावर तारपावाला अख्ख्या नाचाला हुकूम सोडतो!

भात कापणीच्या हंगामात, नवं धान्य आलं की तारप्याभोवती फेर धरला जातो. हात एकमेकांच्या कमरेत गुंफलेले, तारपावाला मधे, आणि तो जिकडे वळेल तिकडे माणसांची साखळी गुंडाळत, उलगडत जाते. त्याच्याकडे पाठ करायची नसते. चाल बदलली की पावलं बदलतात. सांगायला शब्द नाही, मधे क्षणाची शांतताही नाही. जिव्या सोमा मशे यांनी वारली चित्रकला जगभर नेली (२०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली), त्या चित्रांतला तो गोल गोल फिरत जाणारा सर्पिल फेर तुम्ही कापडी पिशवीवर, कपावर, सरकारी भिंतीवर शंभरदा पाहिला असेल. पुढच्या वेळी साखळी सोडून आधी मधला माणूस शोधा. पन्नास पावलांचा हुकूम त्याच्या दोन गालांत आहे, आणि ते गाल एकदाही पूर्ण रिकामे होऊन चालणार नाही.