जपमाळ आणि जेवणाच्या काड्या

हिंगणघाट तालुक्यातील वडनेरहून नागपूर-हैदराबाद महामार्गाने मुले शिक्षणासाठी व नोकरीसाठी बाहेर पडतात, यात आता नवल राहिलेले नाही. परंतु आमच्या घरातील एका तरुणाला जपानमध्ये नोकरी मिळाली, तेव्हा एकाच घरात दोन निरनिराळ्या तयाऱ्या सुरू झाल्या. तो संध्याकाळी जमिनीवर बसून दोन बारीक काड्यांनी, म्हणजे चॉपस्टिक्सनी, वाटीतील शेंगदाणे उचलण्याचा सराव करू लागला. आजीने मात्र एक जुनी वही काढून तिच्यात प्रार्थना उतरवून घेण्यास सुरुवात केली. शेंगदाणे घरभर घरंगळत होते आणि सर्वजण हसत होते. हसणे ओसरल्यावर आजीने विचारले, "पण तिथं संध्याकाई माळ म्हनाले तुह्यासंग कोन राहीन रे?"

या प्रश्नाला त्या दिवशी कोणी उत्तर दिले नाही. आमच्या भागात कॅथलिक घरे विखुरलेली आहेत. रविवारची मिस्सा म्हणजे प्रवास आला, आणि आठवड्याचे उरलेले सहा दिवस श्रद्धा घरातच सांभाळावी लागते. जेथे ख्रिस्ती लोक लोकसंख्येच्या एक टक्काही नाहीत, अशा देशात एकट्याने राहणाऱ्या मुलाने ती कशी सांभाळावी? आणि तेथील रीतीभाती शिकताना आपले काय सोडावे, काय सोडू नये? उत्तर शोधताना आमच्या ध्यानात आले की, हा प्रश्न नवा नाही. महाराष्ट्राच्याच एका सुपुत्राने तो चारशे वर्षांपूर्वी जगून दाखविला आहे आणि जपानमधील साध्या शेतकरी कुटुंबांनी त्याचे उत्तर अडीचशे वर्षे आपल्या घरांत जपले आहे.

तसे पाहिले तर वर्धा जिल्ह्याला जपान अगदीच परका नाही. जपानी बौद्ध भिक्षू निचिदात्सु फुजी, ज्यांना सर्वजण फुजी गुरुजी म्हणत, ते १९३३ साली वर्ध्याला येऊन गांधीजींना भेटले. पुढे त्यांच्या पंथाच्या मंत्राला आश्रमाच्या प्रार्थनेत स्थान मिळाले. वर्ध्यातील विश्वशांती स्तूप आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. परंतु ख्रिस्ती माणसाचा जपानशी असलेला धागा याहून जुना आहे आणि तो वसईतून निघतो.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई येथील. वसईच्या जेझुइट धर्मगुरूंकडे त्यांचे शिक्षण झाले आणि १५७२ साली, पंधरा-सोळा वर्षांच्या वयात, ते त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथील भाषा त्यांनी अशी आत्मसात केली की, पुढे फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाल्यावर १५९३ साली फिलिपिन्सहून जपानला गेलेल्या पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी म्हणून तेच उभे राहिले. जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्यासमोर बोलण्याचे काम वसईच्या या माणसाकडे आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथील टेकडीवर ज्या सव्वीस जणांना क्रुसावर चढवून ठार मारण्यात आले, त्यांत ते होते. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी या सव्वीस रक्तसाक्ष्यांना संतपद बहाल केले. (सार्वत्रिक दिनदर्शिकेत त्यांचा सण ६ फेब्रुवारीला येतो, कारण ५ फेब्रुवारी हा संत आगाथाचा दिवस आहे. आमच्या घरी यावरून दरवर्षी वाद होतो, म्हणून हा उल्लेख.)

त्या सव्वीसांत सतरा जपानी प्रापंचिक होते. त्यांपैकी चौदा वर्षांचा तोमास कोझाकी हा आपल्या वडिलांबरोबर मरणाला सामोरा गेला. वाटेत त्याने आईला पत्र लिहिले आणि धाकट्या भावांची श्रद्धा सांभाळण्याची विनंती केली. घरी सुखरूप राहणाऱ्यांनी काय करावे, याचीच त्या मुलाला अखेरपर्यंत काळजी होती, हे वाचून आम्ही थबकलो.

गोन्सालो जपानमध्ये होते, त्याच काळात तेथील मिशनकार्यात एक मोठा वाद चालू होता आणि तो जेवणाच्या ताटापर्यंत पोहोचला होता. जेझुइटांचे वरिष्ठ निरीक्षक आलेस्सांद्रो व्हालिन्यानो १५७९ साली जपानला आले. आपले धर्मबंधू जपानी शिष्टाचार न पाळता युरोपीय थाटात राहतात, हे त्यांना खटकले. १५८१ च्या सुमारास त्यांनी नियम लिहून काढले. कोणाला कसे अभिवादन करावे, पाहुण्यास कसे बसवावे, जेवण कसे असावे, स्वच्छता कशी राखावी, या सर्व बाबतींत जपानी रीत पाळावी, असा त्यांचा आग्रह होता. लुईस फ्रॉइस या पोर्तुगीज जेझुइटांनी १५८५ साली युरोपीय व जपानी चालीरीतींची तुलना करणारे टिपण लिहिले. त्यात त्यांनी नोंदवले आहे की, आपण हाताने जेवतो, तर जपानी माणसे लहानपणापासून दोन काड्यांनी जेवतात. म्हणजे त्या काळचा युरोपीय माणूसही आपल्यासारखाच हाताने जेवणारा होता. काटेचमचे म्हणजेच ख्रिस्ती सुधारणा, असे ज्यांना वाटते, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता या काड्यांविषयी. जपानी भाषेत त्यांना 'हाशी' म्हणतात. चीनमधील काड्यांपेक्षा त्या आखूड व टोकाला निमुळत्या असतात. आमच्या तरुणाला पहिले चार दिवस जमले नाही, कारण तो दोन्ही काड्या हलवीत होता. खरी रीत अशी की, खालची काडी अंगठा व तर्जनी यांच्या बेचक्यात ठेवून अनामिकेवर टेकवायची आणि ती मुळीच हलवायची नाही. वरची काडी लेखणीसारखी अंगठा, तर्जनी व मधले बोट यांत धरायची आणि तेवढीच हलवायची. दोन्ही टोके समान ठेवली की पकड बसते. भाताची वाटी हातात उचलून तोंडाजवळ नेणे तेथे असभ्य मानले जात नाही. सामाईक भांड्यातून घेताना वाढण्याच्या वेगळ्या काड्या वापरतात. उष्ट्याचा विचार आजीला नव्याने समजावून सांगावा लागला नाही.

दोन गोष्टी मात्र निषिद्ध आहेत आणि त्या समजून घेतल्या पाहिजेत. भातात काड्या उभ्या खोचू नयेत, कारण मृतासाठी ठेवलेल्या भातात त्या तशा खोचतात. तसेच एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊ नये, कारण दहनानंतर अस्थी तशा उचलल्या जातात. येथे आपल्यातील काहींना प्रश्न पडेल की, ज्या देशात जेवणाचे साधनही अन्य धर्माच्या अंत्यविधीशी जोडलेले आहे, तेथे ख्रिस्ती माणसाने कोठवर जावे? जेवणापूर्वी जपानी लोक हात जोडून 'इतादाकिमासु' म्हणतात, त्याचे काय?

ख्रिस्तसभेने या प्रश्नाचा विचार दीर्घकाळ केला आहे, आणि खरे सांगायचे तर त्यात तिला वेळही फार लागला. अखेरीस १९३६ साली जपानसाठी व १९३९ साली चीनसाठी रोमने सूचना दिल्या. त्यांत देवपूजा आणि नागरी वा कौटुंबिक आदर यांत भेद करण्यात आला आणि पूर्वजांविषयी केवळ आदर दाखविणाऱ्या रीतींना वाट मोकळी झाली. 'इतादाकिमासु' याचा अर्थ 'मी नम्रपणे स्वीकारतो' एवढाच आहे. क्रुसाची खूण करून जेवणापूर्वीची प्रार्थना म्हटल्यावर सोबत्यांबरोबर तो शब्द उच्चारण्यात काही बिघडत नाही, असे आमचे मत आहे. साधन बदलले, यजमानाचा शब्द जिभेवर आला, तरी अन्नाबद्दल आभार कोणाचे मानायचे, हे बदलत नाही. शब्दांचा प्रवास तर असाच चालतो. पोर्तुगिजांकडून आपण 'पाव' घेतला, तसाच जपान्यांनी घेतला, आणि ते त्याला 'पान' म्हणतात.

परंतु आजीचा प्रश्न काड्यांचा नव्हता. त्याचे उत्तर नागासाकीच्या खेड्यांत आहे.

१६१४ साली संपूर्ण जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. धर्मगुरूंना हाकलून देण्यात आले. जे लपून राहिले, त्यांना शोधून मारण्यात आले. १६४४ नंतर त्या देशात एकही धर्मगुरू उरला नाही. नागासाकीत लोकांना ठराविक काळाने ख्रिस्ताच्या वा पवित्र मरियेच्या प्रतिमेवर पाय ठेवून आपण ख्रिस्ती नसल्याचे दाखवावे लागे. मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, दृढीकरण नाही, ख्रिस्तमंदिर नाही. उरले ते घर.

त्या घरांनी काय केले? गावागावांत त्यांनी जबाबदाऱ्या वाटून घेतल्या. एकाकडे सणवारांची दिनदर्शिका, दुसऱ्याकडे स्नानसंस्कार, तिसऱ्याकडे निरोप पोहोचविण्याचे काम. गरजेच्या प्रसंगी योग्य हेतूने, पाणी व विहित शब्द वापरून, कोणीही स्नानसंस्कार देऊ शकतो, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. ती त्यांना आधीच्या धर्मगुरूंकडून मिळालेली होती. प्रतिमेवर पाय ठेवून घरी परतल्यावर ते पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत, कारण धर्मगुरू नसताना मनापासूनचा पश्चात्ताप हाच आधार असतो, हेही त्यांना शिकविलेले होते. प्रार्थनांना ते 'ओराशो' म्हणत. हा लॅटिन 'ओरात्सिओ'चाच जपानी उच्चार. कान्नोन या बौद्ध देवतेच्या मूर्तीत काहींनी पवित्र मरियेला पाहिले. पवित्र वस्तू कोठीच्या खोलीत, कपाटाआड दडविलेल्या असत. बाहेरून पाहणाऱ्याला ते शेजाऱ्यांसारखेच दिसत. तेच कपडे, त्याच काड्या, तोच भात.

दिनदर्शिका सांभाळणाऱ्याचे काम सर्वांत कठीण असावे, असे आम्हांला वाटते. त्या काळी जपानमध्ये चांद्रसौर पंचांग चालत असे. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलते आणि तिच्यावरून प्रायश्चित्तकाळ ठरतो. परक्या पंचांगात हा हिशोब बसविणे, तोही गुप्तपणे, पिढ्यान्‌पिढ्या!

१८६५ च्या फेब्रुवारीत नागासाकीतील ओउरा येथे परदेशी लोकांसाठी एक चर्च उघडले. ते सव्वीस रक्तसाक्ष्यांना अर्पण केलेले होते, म्हणजे आपल्या वसईच्या संताच्या नावाचा त्यात वाटा होता. १७ मार्च रोजी उराकामी खेड्यातील काही माणसे तेथे आली. एका स्त्रीने फादर बेर्नार पेतिजाँ यांच्या कानाशी सांगितले की, आमचे आणि आपले अंतःकरण एकच आहे. मग तिने विचारले, पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे? बोलता बोलता त्यांनी सांगितले की, सध्या दुःखाच्या काळाचा सतरावा दिवस आम्ही पाळीत आहोत. त्या वर्षी भस्म बुधवार १ मार्चला होता. १ मार्चपासून मोजल्यास १७ मार्च हा सतरावा दिवस येतो. दोनशेहून अधिक वर्षे धर्मगुरूशिवाय राहिलेल्या शेतकऱ्यांची मोजणी रोमच्या मोजणीशी दिवसावर जुळली.

त्यानंतरही त्यांचे हाल संपले नाहीत. बंदी कायम होती. उराकामीच्या तीन हजारांहून अधिक लोकांना हद्दपार करण्यात आले आणि त्यांतील सहाशेहून अधिक मरण पावले. बंदी उठली ती १८७३ साली. २०१८ साली या गुप्त ख्रिस्ती जनांची गावे व ओउरा चर्च जागतिक वारसास्थळांच्या यादीत आली. २४ नोव्हेंबर २०१९ रोजी पोप फ्रान्सिस यांनी नागासाकीच्या त्या टेकडीवरील स्मारकापाशी प्रार्थना केली.

या कथेची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गुप्त ख्रिस्ती जनांपैकी सर्वच ख्रिस्तसभेत परतले नाहीत. काही गावांनी पूर्वजांची रीत जशी होती तशी स्वतंत्रपणे चालू ठेवली. इकित्सुकी बेटावर लॅटिन व पोर्तुगीज शब्दांनी भरलेल्या प्रार्थना पाठ म्हटल्या जात राहिल्या, परंतु त्यांतील पुष्कळ शब्दांचा अर्थ म्हणणाऱ्यांनाच कळेनासा झाला. शब्द जसेच्या तसे सांभाळले गेले आणि अर्थ निसटला. आज अशी घरे फारच थोडी उरली आहेत. त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांला नाही. त्यांनी जे सोसले, त्याचा शतांशही आम्ही सोसलेला नाही. पण आजीच्या वहीकडे पाहताना आम्हांला हीच गोष्ट आठवली. तिने लिहिलेल्या काही प्रार्थना अशा होत्या की, त्यांतील जुने शब्द आम्हां मोठ्यांनाही नीट सांगता येईनात.

म्हणून आम्ही एक बदल केला. रोज संध्याकाळी जपमाळेनंतर वहीतील एकच प्रार्थना घ्यायची, तिच्यातील अवघड शब्दाचा अर्थ आजीने सांगायचा, आणि समोरच्या कोऱ्या पानावर तो त्या तरुणाने स्वतःच्या शब्दांत लिहायचा. जेथे आजीही अडली, तेथे फादरना विचारून आलो. प्रेषितांच्या विश्वासांगीकारालाच तीन संध्याकाळी लागल्या. वहीच्या शेवटच्या पानावर त्याने पुढील पाच वर्षांच्या भस्म बुधवारच्या व ईस्टरच्या तारखा उतरवून घेतल्या आहेत. मोबाइलमध्ये सर्व काही सापडते, असे त्याने सांगून पाहिले, पण आजीपुढे ते चालले नाही. माळेचा प्रश्नही तेव्हाच सुटला. जपानचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. आमची संध्याकाळची माळ साडेसातला असते, म्हणजे त्याचे अकरा वाजलेले असतील. आजीने वेळ एक तास अलीकडे घेतली आहे, म्हणजे फोनवरून त्याला एक दशक तरी आमच्याबरोबर म्हणता येईल.

निघण्यापूर्वीच्या रविवारी त्याने वाटीभर शेंगदाणे काड्यांनी संपविले. एकच खाली पडला. तो आजीने उचलला, पुसला आणि तोंडात टाकला. मग काड्या हातात घेऊन ती म्हणाली, "दाखव बरं, खालची कोन्ती?"