ग्रासकटरची निगा : टाकीपासून कार्बोरेटरपर्यंत



पाऊस सरला, की कोकणातल्या आंबा-काजूच्या बागाइतदाराला पहिली घाई असते ती गवताची. गवत वेळेवर निघाले नाही, तर माघ-फाल्गुनात ते कडकडीत वाळते आणि एक ठिणगी पडली तरी वणवा साऱ्या बागेतून फिरतो. म्हणून विळा-कोयत्याच्या जोडीला पेट्रोलवर चालणारा ग्रासकटर आता बऱ्याच घरी आला आहे. पण ऐन हंगामात दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो, तरी यंत्र हूं की चूं करीत नाही! असे का होते? बहुतेक वेळा कारण एकच असते. गेल्या हंगामातले पेट्रोल यंत्राच्या पोटात तसेच राहिलेले असते.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता इथेनॉल मिसळलेले असते. २०२५ साली देशात हे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. ऊस आणि धान्यापासून होणारे हे इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. पाणी फार झाले, की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात. पेट्रोल आणि त्यात मिसळलेले ऑईल वर राहते. टाकीतली नळी तर तळातूनच ओढते. म्हणजे इंजिनाला ऑईल मिळतच नाही. शिवाय पेट्रोलचा हलका भाग उडून जातो आणि मागे राळेसारखा चिकट थर उरतो. जुन्या पेट्रोलची शंका आली, तर थोडे स्वच्छ काचेच्या बाटलीत काढून जरा वेळ ठेवा. दोन थर दिसले, तर ते वापरू नका.

आता साफसफाईचा क्रम पाहू. इंजिन पूर्ण थंड असावे, जागा उघड्यावरची असावी, आणि जवळपास चूल, विडी, काडी काही नको. प्लगची टोपी काढून ठेवा. टाकीच्या झाकणाभोवतीची माती आधी पुसा, नाहीतर तीच आत पडते. पेट्रोल पत्र्याच्या डब्यात ओतून घ्या. मग तारेचा आकडा करून नळीच्या टोकाचा फिल्टर अलगद बाहेर काढा. तो काळा पडला असेल, तर धूत बसू नका, नवा बसवा. नळी बोटांत वाकवून पाहा. ती कडक झाली असेल किंवा तिला चीर दिसली, तर तीही बदला. चिरेतून हवा शिरते आणि पेट्रोल चढत नाही. बोटाने दाबायचा रबरी फुगा फाटला, तरी हाच त्रास होतो.

यंत्र चालू होते, चार-पाच मिनिटांनी बंद पडते, आणि थंड झाल्यावर झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा सुस्कारा ऐकू येतो? तर टाकीत हवा जाण्याचे बारीक छिद्र बुजले आहे असे समजा.

एअर फिल्टरही विसरू नका. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा; कागदी असेल तर पाणी लावू नका, हलके झटका.

राहिला कार्बोरेटर. मोटारसायकलच्या कार्बोरेटरमध्ये तरंगता फ्लोट असतो. पण ग्रासकटर आडवातिडवा फिरतो, तिथे फ्लोट काय करणार? म्हणून पुष्कळ यंत्रांत त्याऐवजी ढोलकीच्या पुडीसारखा ताणलेला पातळ पडदा असतो. इंजिनाच्या ओढीने तो हलतो, बारीक सुई उचलली जाते आणि पेट्रोल आत येते. पडदा कडक झाला किंवा सुई चिकटली, की सारे थांबते. पडद्याचा संच वेगळा मिळतो. पण हात बसलेला नसेल, तर हे काम मेकॅनिककडे द्यावे. एवढे मात्र लक्षात ठेवा : जेटच्या छिद्रात तार घालू नका. छिद्र केसभर मोठे झाले, तरी हवा-पेट्रोलचे प्रमाण बिघडते. स्क्रूही उगाच फिरवू नका. पेट्रोल कमी गेले, की त्याबरोबर ऑईलही कमी जाते. इंजिन तापते आणि पिस्टन धरतो. पिस्टन धरला, की खर्च मोठा.

ऑईल किती घालावे? आधी यंत्र टू-स्ट्रोक आहे का, ते पाहा. फोर-स्ट्रोकचे ऑईल वेगळ्या जागी असते. त्याच्या पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायचे नाही. टू-स्ट्रोकला कंपनीने ५० ला १ सांगितले असेल, तर लिटरला २० मिलिलिटर. २५ ला १ असेल, तर ४० मिलिलिटर. अंदाजाने ओतू नका, मापाने घाला. मिश्रण महिन्याभरात संपेल एवढेच करा. ते पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नका; ऑईलच्या रंगाने ते सरबतासारखे दिसते आणि घरात लहान मुले असतात.

टाकी भरताना सांडले, तर पुसून घ्या आणि तिथून दहा फूट दूर जाऊन मगच यंत्र सुरू करा. तापल्या इंजिनात पेट्रोल ओतू नका. वणवा टाळण्यासाठी गवत कापायचे आणि आपणच आग लावायची, असे व्हायला नको.

हंगाम संपला, की टाकी रिकामी करा, रबरी फुगा कोरडा होईपर्यंत दाबा आणि यंत्र सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या. एवढ्या दहा मिनिटांच्या कामाने पुढच्या हंगामाची पुष्कळ अडचण टळते. काढलेले पेट्रोल विहिरीजवळ, ओढ्यात किंवा मातीत ओतू नका.

शिक्षक मित्रांना एक विनंती. यंत्राबरोबरची पुस्तिका बहुधा इंग्रजीत असते आणि ती तशीच फळीवर पडून राहते. ती वाचून ऑईलचे प्रमाण शेतकऱ्याच्या डब्यावर ठळक मराठी अक्षरांत लिहून द्या. वर्गातही पडद्याच्या कार्बोरेटरचे चित्र फळ्यावर काढून दाखवा. हवेचा दाब मुलांना चांगला समजेल, आणि घरी गेल्यावर यंत्राची टाकी रिकामी केली का, हे तीच वडिलांना विचारतील.