वर्णलेखन : शेतमालाच्या तपासणीचे एक साधन

सिंदफणा नदीकाठचे शिरूर कासार हे बीड जिल्ह्यातील कमी पावसाच्या तालुक्याचे ठिकाण आहे. कापूस, बाजरी व तूर ही येथील नेहमीची पिके. जेथे विहिरीला किंवा शेततळ्याला पाणी टिकते, तेथे शेतकरी डाळिंबाची व सीताफळाची बागही जोपासतात. टंचाईच्या वर्षी विकतचे पाणी घालून जगविलेल्या बागेचे फळ परदेशी पाठवावयाचे झाल्यास त्याचे भवितव्य प्रयोगशाळेच्या एका अहवालावर अवलंबून असते. फळात कीटकनाशकाचा अंश किती उरला आहे, हे त्या अहवालात नमूद असते. हा आकडा कसा मिळतो व तो केव्हा फसवा ठरतो, हे शेतकऱ्यांनी व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

पद्धतीचे तत्त्व

मिश्रणातील घटक वेगवेगळे करून ओळखण्याच्या या पद्धतीस वर्णलेखन किंवा क्रोमॅटोग्राफी असे म्हणतात. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी पानांतील रंगद्रव्यांचा अर्क खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून पाझरू दिला, तेव्हा हिरव्या व पिवळ्या रंगांचे निरनिराळे पट्टे त्यांना दिसले. जो घटक भुकटीला अधिक चिकटतो तो मागे राहतो. जो द्रवाबरोबर सहज जातो तो पुढे निघतो. एवढेच या पद्धतीचे तत्त्व आहे. पुढे मार्टिन व सिंज या ब्रिटिश शास्त्रज्ञांना या विषयातील कार्याबद्दल 1952 मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

गावातील शाळेत करण्याजोगा प्रयोग

टीपकागदाची 15 सेंटीमीटर लांब व 2 सेंटीमीटर रुंद पट्टी घ्यावी. खालच्या टोकापासून 2 सेंटीमीटरवर शिसपेन्सिलीने रेघ ओढून तिच्यावर काळ्या स्केचपेनचा बारीक ठिपका द्यावा. पेल्यात 1 सेंटीमीटर पाणी घेऊन पट्टी उभी टांगावी व पेला झाकावा. पाणी वर चढू लागते आणि काळ्या ठिपक्यातून निळा, तांबडा, पिवळा असे रंग निघू लागतात. पाणी 10 सेंटीमीटर चढले असता एखादा रंग 6 सेंटीमीटर गेला, तर त्याचे गुणोत्तर 0.6 झाले. कागद, द्रव व तापमान तेच असेल तर हे गुणोत्तर जवळजवळ तेच येते. त्यावरून घटकाची ओळख पटते.

प्रयोग बिघडला तर कारण शोधावे. ठिपका पाण्यात बुडाला असेल तर रंग पेल्यातच विरघळतो. ठिपका मोठा असेल तर रंगांना शेपटे फुटून ते एकमेकांत मिसळतात. पट्टी पेल्याच्या कडेला टेकली तर रंग तिरपे धावतात. रेघ शाईने ओढली असेल तर रेघेचाच रंग वर चढतो. ठिपका जागचा हलत नसेल तर ती शाई पाण्यात न विरघळणारी आहे असे समजून पाण्याऐवजी स्पिरिट वापरावे. मात्र जवळपास विस्तव नसावा.

प्रयोगशाळेतील यंत्रे

प्रयोगशाळेत कागदाच्या जागी बारीक नळी असते. तिला स्तंभ म्हणतात. वाफ होऊ शकणारी द्रव्ये वायूच्या प्रवाहाने व इतर द्रव्ये दाबाखालील द्रवाने त्यातून नेली जातात. प्रत्येक घटक बाहेर पडताच आलेखावर एक शिखर उमटते. शिखर किती वेळाने आले यावरून द्रव्य कोणते ते कळते, आणि त्याच्या आकारमानावरून प्रमाण कळते.

येथील दोषही कागदावरील दोषांच्याच जातीचे असतात. नमुना जास्त झाला किंवा स्तंभ जुना झाला की शिखरे पसरतात व एकमेकांत मिसळतात. तापमान अथवा प्रवाहाचा वेग बदलला की शिखराची वेळ सरकते. फळातील साखर व रंगद्रव्ये नीट दूर केली नसतील तर खरे शिखर झाकले जाते. म्हणून रसायनतज्ज्ञ प्रथम औषधाविना असलेला कोरा नमुना, नंतर ठाऊक प्रमाणाचे द्रावण आणि मग शेतकऱ्याचा नमुना तपासतात. कोऱ्या नमुन्यातही शिखर दिसले तर दोष फळाचा नसून भांड्याचा, द्रवाचा किंवा यंत्राचा असतो. केवळ वेळ जुळली म्हणून निर्णय देत नाहीत. रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्राचीही साक्ष घेतात.

द्राक्षांचा धडा

2010 मध्ये महाराष्ट्रातून युरोपात गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळला. माल अडकला व बागायतदारांना मोठा फटका बसला. तेथील मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम, म्हणजे दहा टन द्राक्षांत मिळून अवघा अर्धा ग्रॅम होती. तपासावयाच्या रसायनांच्या यादीतच हे द्रव्य त्या वेळी नव्हते. शिवाय ते क्षारस्वरूप असल्याने वायूवर चालणाऱ्या नेहमीच्या पद्धतीत सापडत नाही. त्यास द्रवावर चालणारी स्वतंत्र पद्धत लागते. यंत्र जे शोधावयास सांगितले तेच शोधते. म्हणून अहवालातील ‘आढळले नाही’ या शब्दांचा अर्थ ‘यादीतील द्रव्ये मोजता येण्याइतकी आढळली नाहीत’ एवढाच घ्यावा.

नमुना घेताना

उत्तम यंत्रही चुकीच्या नमुन्यातून खरे उत्तर देऊ शकत नाही. यास्तव पुढील काळजी घ्यावी :

1. फळे एकाच झाडाची न घेता बागेच्या सर्व भागांतून घ्यावीत.
2. हात स्वच्छ धुऊन व कोरडे करून फळे नव्या पिशवीत भरावीत. फवारणी करणाऱ्याने त्याच कपड्यांत नमुना घेऊ नये.
3. नमुन्याची फळे धुऊ नयेत, तसेच औषधाच्या रिकाम्या खोक्यातून नेऊ नयेत.
4. पिशवीवर गाव, गट क्रमांक व दिनांक लिहावा. वापरलेल्या सर्व औषधांची व वाढनियंत्रकांची नावे आणि फवारणीच्या तारखा सोबत द्याव्यात. काहीही लपवू नये.
5. नमुना सावलीत, थंड ठेवून विनाविलंब पाठवावा.

फवारणीची वही रोजच्या रोज लिहिणे व औषधाच्या माहितीपत्रकात दिलेला काढणीपूर्वीचा प्रतीक्षाकाळ पाळणे, हा सर्वांत स्वस्त उपाय होय. फळात उरलेला अंश प्रयोगशाळा दाखवू शकते. तो काढून टाकू शकत नाही. ते काम बागेतच व्हावयास हवे.